घटक ४ : ज्ञानोदय आणि दीनमित्र – अहमदनगर जिल्ह्यातील दोन नियतकालिके

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• अहमदनगर जिल्ह्यातील ज्ञानोदय व दीनमित्र या नियतकालिकांचा उदय कोणत्या परिस्थितीत झाला, हे सांगता येईल.
• नियतकालिकाचा हेतू आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम यांत फरक करता येईल.
• मुक्ता साळवे यांच्या निबंधाच्या प्रसिद्धीचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• संस्थेचे नियतकालिक आणि एकट्या संपादकाचे नियतकालिक यांची तुलना करता येईल.
• जुन्या नियतकालिकाचा अंक अभ्याससाधन म्हणून कसा वाचावा, हे समजेल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अव्वल इंग्रजी काळातील मराठी नियतकालिकांचा परिचय करून घेतला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले दर्पण, त्यांचेच दिग्दर्शन, १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी काढलेले प्रभाकर आणि १८४९ चे पुण्याचे ज्ञानप्रकाश ही नावे तुमच्या लक्षात असतील. या नावांचा क्रम पाहिला की मराठी नियतकालिकांचा इतिहास म्हणजे मुंबई आणि पुणे या दोन शहरांचा इतिहास, असा समज होणे स्वाभाविक आहे. छापखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि इंग्रजी शिकलेला वर्ग या शहरांत एकवटलेला होता, त्यामुळे हा समज पूर्णपणे चुकीचाही नाही.

तथापि तो अपुरा आहे. १८४२ मध्ये, म्हणजे ज्ञानप्रकाशच्या सात वर्षे आधी, अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) ज्ञानोदय निघाले. पुढे १९१० मध्ये याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून दीनमित्र हे साप्ताहिक निघू लागले आणि नेवासे तालुक्यातील तरवडी या लहानशा गावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. पहिल्याच्या मागे सातासमुद्रापलीकडील एक धर्मसंस्था होती. दुसऱ्याच्या मागे एक शेतकरी-संपादक होता. दोघांची भूमिका, भाषा आणि वाचकवर्ग वेगळा. मात्र जे लोक तोपर्यंत छापील मजकुराचे केवळ विषय होते, किंवा तेही नव्हते, त्यांना या दोन्ही नियतकालिकांनी छापील पानावर आणले. हे कसे घडले आणि त्याचे मोल कसे ठरवायचे, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ज्ञानोदयची पार्श्वभूमी

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. मिशनला बायबलची भाषांतरे, शालेय पुस्तके आणि धर्मप्रचाराच्या पुस्तिका छापायच्या होत्या. त्यासाठी मुंबईत मिशनचा छापखाना सुरू झाला. या छापखान्याचे महत्त्व मिशनपुरते मर्यादित नाही. १८३१ मध्ये मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी याच छापखान्यात मुद्रणकला शिकले. पुढे निर्णयसागर नावारूपास आणणाऱ्या जावजी दादाजींचे उमेदवारीचे दिवसही येथेच गेले. मिशनरी, सनातनी पंडित आणि सुधारक हे पुढे एकमेकांशी कडाडून भांडले. परंतु त्यांच्या हातांतील टाइपांची आणि कारागिरीची परंपरा बऱ्याच अंशी एकच होती, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८३१ च्या अखेरीस मिशनने अहमदनगर येथे ठाणे उघडले. तेथे शाळा सुरू झाल्या. सिंथिया फॅरार या शिक्षिकेने १८३९ पासून अहमदनगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम केले. जोतीराव फुले यांनी ही शाळा पाहिली होती आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या संकल्पाला त्या भेटीने बळ मिळाले. म्हणजे ज्ञानोदय निघाले, तेव्हा अहमदनगर हे नवशिक्षणाचे एक लहान पण जिवंत केंद्र बनत होते.

४.३.२ ज्ञानोदयचा आरंभ व स्वरूप

जून १८४२ मध्ये ज्ञानोदयचा पहिला अंक अहमदनगरहून प्रसिद्ध झाला. हेन्‍री बॅलन्टाइन हे त्याचे पहिले संपादक. बॅलन्टाइन यांनी मराठीत ख्रिस्ती गीतेही रचली. म्हणजे संपादकाला स्थानिक भाषेची केवळ कामचलाऊ ओळख नव्हती. पुढे पत्राचे प्रकाशन मुंबईला गेले, त्याचा कालावधी बदलत गेला आणि मराठी मजकुराच्या जोडीला इंग्रजी मजकूरही येऊ लागला.

ज्ञानोदय धर्मप्रचारासाठी काढले होते, यात संदिग्धता नाही. ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे विवेचन, मूर्तिपूजा व जातिभेद यांवरील टीका आणि धर्मांतराच्या वार्ता हा त्याचा कणा होता. परंतु केवळ धर्मचर्चा वाचण्यासाठी वाचक वर्गणी भरत नाही. त्यामुळे भूगोल, खगोल, प्राणी, यंत्रे, परदेशांच्या हकिकती आणि देशातील घडामोडी यांनाही त्यात जागा मिळाली. मजकुराला चित्रांची जोड देण्याची प्रथाही या पत्राने लवकर स्वीकारली. ज्याने कधी दुर्बीण पाहिली नाही, त्याला तिचे नुसते वर्णन पुरत नाही, हे त्यांना उमगले होते.

धर्मटीकेचे प्रत्युत्तरही छापील रूपातच आले. मोरभट दांडेकर यांनी १८४४ मध्ये उपदेशचंद्रिका हे मासिक काढले, ते मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर देण्यासाठी. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले. मराठी गद्याच्या दृष्टीने या वादांचा लाभ मोठा झाला. प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, त्यातील विसंगती दाखवायची, प्रमाण द्यायचे आणि निष्कर्षाला यायचे ही खंडनमंडनाची रीत संस्कृत शास्त्रचर्चेत जुनीच होती. ती आता सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत उतरू लागली. वादाचा विषय धर्माचा होता. पण त्यातून घडत होते ते वैचारिक गद्य.

४.३.३ मुक्ता साळवे यांचा निबंध

ज्ञानोदयच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना १८५५ मधील आहे. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने लिहिलेला ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ज्ञानोदयच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला.

या निबंधाचा युक्तिवाद नीट पाहा. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही, तर ज्या धर्माचा ग्रंथ आम्ही पाहूही शकत नाही, तो धर्म आमचा कसा, असा तिचा प्रश्न आहे. पेशवाईत अस्पृश्यांवर झालेले अत्याचार, त्यांच्या जमिनी बळकावल्या जाणे, बाळंतपणातही डोक्यावर धड छप्पर नसलेल्या स्त्रियांचे हाल, हे सर्व ती एकामागून एक मांडते आणि शेवटी आपल्याच बांधवांना शिक्षणाची वाट धरण्यास सांगते. यात दुःखाचे वर्णन आहेच. पण निबंधाचे बळ त्यातील तर्कात आहे. अनुभव हा येथे पुरावा म्हणून येतो. दलित साहित्याची पूर्वपीठिका शोधणारे अभ्यासक आणि स्त्रीलेखनाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक, दोघेही या निबंधापाशी येऊन थांबतात, त्याचे कारण हेच.

आता एक अवघड प्रश्न विचारात घेऊ. हा निबंध ज्ञानोदयने का छापला? हिंदू समाजरचनेवर आतूनच झालेली टीका मिशनला सोयीची होती, हे उघड आहे. मग मुक्ता साळवे यांचा आवाज हा मिशनच्या प्रचाराचा एक भाग मानावा का? तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. निबंध लिहिणारी मुलगी मिशनच्या शाळेतील नव्हती. ती फुल्यांच्या शाळेत शिकली होती. तिचे प्रश्न तिच्या जगण्यातून आले होते. छापणाऱ्याचा हेतू आणि लिहिणाऱ्याचा हेतू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे परिणाम. मिशनच्या गरजा काळाबरोबर बदलल्या. निबंध मात्र टिकला आणि आज तो ज्या संदर्भात वाचला जातो, त्याची कल्पना १८५५ च्या संपादकांना असणे शक्य नव्हते.

यावरून एक अभ्याससूत्र ध्यानात घ्या : नियतकालिकातील कोणताही मजकूर वाचताना तो कोणी लिहिला, कोणी छापला, कोणासाठी छापला आणि पुढे त्याचे काय झाले, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादू नये.

४.३.४ ज्ञानोदयचा पुढील काळ

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ज्ञानोदयच्या लेखनात व संपादनात एतद्देशीय ख्रिस्ती लेखकांचा वाटा वाढत गेला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांचा या पत्राशी निकटचा संबंध होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरचा त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ अहमदनगरात गेला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे १९१९ मध्ये निधन होईपर्यंत, ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. टिळकांच्या घरी बालकवी ठोंबरे काही काळ राहिले होते, हेही तुम्हांला ठाऊक असेल. ख्रिस्ती धर्माची अभिव्यक्ती परकी न वाटता अभंग-ओवीच्या वळणाने झाली पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता. परदेशी संपादकाने सुरू केलेले पत्र सत्तर वर्षांनी मराठी संतपरंपरेशी नाते सांगणाऱ्या कवीच्या हाती आले, हा प्रवास ज्ञानोदयच्या मराठीकरणाचा प्रवास आहे.

दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले हे नियतकालिक मराठीतील सर्वांत दीर्घायुषी पत्रांपैकी एक आहे.

४.३.५ दीनमित्र : वारसा आणि आरंभ

दीनमित्रची मुळे सत्यशोधक चळवळीत आहेत. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात दीनबंधु हे पत्र सुरू केले. शेतकरी आणि कष्टकरी समाजाची बाजू मांडणारे हे पत्र आर्थिक ओढाताणीमुळे भालेकरांना फार काळ चालवता आले नाही; ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत पुढे चालविले. १८८८ मध्ये गणपतराव पाटील यांनी दीनमित्र हे मासिक सुरू केले, परंतु त्यांच्या अकाली निधनाने ते थांबले.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव (१८८५–१९६७) तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. जन्माने दीनबंधुकारांचे आणि दत्तक नात्याने दीनमित्रचा वारसा असलेल्या घराण्याचे, असे दोन्ही धागे त्यांच्या ठायी एकत्र आले. १९१० मध्ये त्यांनी दीनमित्र साप्ताहिक रूपात पुन्हा सुरू केले. आरंभी ते सोमठाणे येथून निघत असे. लवकरच त्याचे ठिकाण तरवडी झाले. त्या वर्षापासून १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, मुकुंदराव या पत्राशी एकनिष्ठ राहिले. लोक त्यांना ‘दीनमित्रकार’ म्हणूनच ओळखू लागले.

एका खेड्यातून साप्ताहिक चालविणे म्हणजे काय, याची कल्पना करा. कागद आणि शाई बाहेरून आणायची, बातमी टपालाने मिळवायची, अंक टपालानेच धाडायचा आणि वर्गणीसाठी अशा वाचकावर विसंबायचे, ज्याच्या हाती पैसा सुगीनंतरच येतो. अहमदनगर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. पाऊस हुकला की शेतकऱ्याचे पीक जाते आणि शेतकऱ्याच्या पत्राची वर्गणीही थकते. शहरी पत्राला वाचकांचा पाठिंबा कमी-जास्त होण्याची चिंता असते. ग्रामीण पत्राला त्याबरोबर आभाळाकडेही पाहावे लागते.

४.३.६ दीनमित्रचा आशय व भाषा

दीनमित्रने सावकारी, वतनदारी, धार्मिक कर्मकांड, जातिभेद आणि शेतकऱ्याचे अज्ञान यांविरुद्ध लेखणी चालविली. मुकुंदरावांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) या काव्याचे उदाहरण घेऊ. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, आणि शेतकरी निरक्षर. त्यामुळे कागदावर काय लिहिले गेले हे ज्याच्या जमिनीविषयी लिहिले त्यालाच कळत नसे. या सत्तेचा उपहास करण्यासाठी मुकुंदरावांनी पोथीचा घाट निवडला. ही निवड साधी नाही. ‘लीलामृत’ म्हटले की श्रोत्याला देवाच्या किंवा संताच्या चरित्राची अपेक्षा असते. तेथे कुलकर्ण्याच्या ‘लीला’ येतात. शिवाय पोथी एकाने वाचायची आणि अनेकांनी ऐकायची असते. निरक्षर शेतकऱ्यापर्यंत पोचण्याचा तो सिद्ध मार्ग होता.

सावकारीवरील ‘शेटजी प्रताप’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही कादंबरी, या त्यांच्या अन्य कृतींच्या शीर्षकांवरूनही त्यांच्या उपरोधाची जात कळते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून तलाठी नेमले. दीनमित्रसारख्या पत्रांनी ज्या प्रश्नावर लोकमत तयार केले, तो प्रश्न किती जिवंत होता, हे यावरून दिसते.

ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच परिसरातील हे पत्र आहे. संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणण्याचे काम तेथे एकदा झाले होते. दीनमित्रने छापील प्रमाण मराठीला शेतकऱ्याच्या बोलीची, म्हणींची आणि रोकठोकपणाची जोड दिली. ही भाषा पंडिती वाचकाला ओबडधोबड वाटली असेल. पण ती ज्यांच्यासाठी होती, त्यांना ती उलगडून सांगावी लागत नसे.

४.३.७ तुलना

दोन्ही पत्रांच्या नावांपासून सुरुवात करू. दर्पण, दिग्दर्शन, प्रभाकर, ज्ञानोदय, ज्ञानप्रकाश ही नावे आरसा, दिशा, सूर्य, प्रकाश यांची आहेत. ज्ञान कोठेतरी आहे आणि ते वाचकापर्यंत पोचवायचे आहे, ही भूमिका त्यांत दिसते. दीनबंधु, दीनमित्र, आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूकनायक (१९२०) व बहिष्कृत भारत (१९२७) ही नावे मात्र माणसांची आहेत. पत्र कोणाचे आणि कोणासाठी, हे ती थेट सांगतात. मराठी नियतकालिकांच्या भूमिकेत झालेला एक मोठा बदल या नावांत साठला आहे.

दुसरा मुद्दा आधाराचा. ज्ञानोदयमागे संस्था होती. संपादक बदलले तरी पत्र चालू राहिले. दीनमित्रमागे एक व्यक्ती होती. त्यामुळे त्याला सत्तावन्न वर्षे एकच सलग स्वर लाभला आणि संपादकाच्या आयुष्याबरोबर त्याचीही वाटचाल संपली. संस्था पत्राला दीर्घायुष्य देते, पण आपला हेतूही त्यावर लादते. व्यक्ती पत्राला निर्भयता देते, पण आपली मर्यादाही देते.

तिसरा मुद्दा वाचकाचा. ज्ञानोदयमध्ये वंचितांचा आवाज उमटला, तो अपवादाने आणि दुसऱ्याच्या व्यासपीठावर. दीनमित्रमध्ये तोच पत्राचा नित्याचा आवाज झाला. १८५५ ते १९१० या अंतराचा अर्थ असा की, बोलायला जागा मिळणे आणि जागा आपली असणे, यांत अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

४.३.८ जुना अंक कसा वाचावा?

जुन्या नियतकालिकाचा अंक हाती आला की आपण अग्रलेखाकडे वळतो. तसे न करता प्रथम मुखपृष्ठ पाहा : स्थळ, वर्गणीचा दर, कालावधी, छापखान्याचे नाव. मग वाचकांची पत्रे व जाहिराती वाचा. पत्राचा खरा वाचक कोण होता, हे अग्रलेखापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते. त्यानंतर भाषा तपासा : विरामचिन्हे, अनुस्वार, बोलीतील शब्द. शेवटी अग्रलेख. असे केले म्हणजे संपादकाचा दावा आणि पत्राचे वास्तव ताडून पाहता येते.

वर्तमानपत्राचा कागद टिकाऊ नसतो. जुने अंक रद्दीत जातात, वाळवीच्या तोंडी पडतात. ग्रंथाला दुसरी आवृत्ती मिळते. साप्ताहिकाच्या अंकाला ती क्वचितच लाभते. म्हणून खेड्यातील पत्रे इतिहासातून गळतात, ती कमी महत्त्वाची होती म्हणून नव्हे, तर त्यांचे खंड जपणाऱ्या संस्था जवळ नव्हत्या म्हणून. तुमच्या गावच्या वाचनालयातील धूळ खात पडलेला बांधीव खंड हा कदाचित त्या काळातील तुमच्या परिसराचा एकमेव लेखी साक्षीदार असेल.

४.४ सारांश

१८४२ मध्ये अहमदनगरहून निघालेले ज्ञानोदय हे धर्मप्रचाराचे पत्र असूनही त्याने ज्ञानप्रसार, वैचारिक गद्य आणि वंचितांची अभिव्यक्ती यांना हातभार लावला. मुक्ता साळवे यांचा १८५५ चा निबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९१० पासून मुकुंदराव पाटील यांनी चालविलेल्या दीनमित्रने सत्यशोधक विचार ग्रामीण वाचकाच्या भाषेत मांडला आणि पत्रकारितेसाठी शहर अपरिहार्य नाही, हे दाखवून दिले. हेतू, लेखक, प्रकाशक आणि परिणाम यांचा स्वतंत्र विचार करूनच अशा पत्रांचे मूल्यमापन करावे लागते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ज्ञानोदयचे पहिले संपादक कोण?
२. मुक्ता साळवे यांचा निबंध कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाला?
३. दीनबंधु हे पत्र कोणी सुरू केले?
४. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे काव्य कोणाचे?

आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. ज्ञानोदय हे ज्ञानप्रकाशच्या नंतर सुरू झाले.
२. दीनमित्र प्रथम मासिक रूपात निघाले होते.

उत्तरे : अ) १. हेन्‍री बॅलन्टाइन २. १८५५ ३. कृष्णराव भालेकर ४. मुकुंदराव पाटील. आ) १. चूक २. बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘छापणाऱ्याचा हेतू आणि लिहिणाऱ्याचा हेतू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.’ मुक्ता साळवे यांच्या निबंधाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. ज्ञानोदय आणि दीनमित्र यांची आधार, भाषा आणि वाचक या तीन निकषांवर तुलना करा.
३. पोथीचा घाट उपहासासाठी वापरण्यामागील कारणे स्पष्ट करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या तालुक्यातील वाचनालयास भेट द्या. तेथे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या स्थानिक नियतकालिकाचा एक अंक घेऊन ४.३.८ मधील क्रमाने त्याचे वाचन करा आणि तीन पानांचे टिपण तयार करा. अंक जीर्ण असल्यास पाने उलटताना काळजी घ्या आणि त्याची नोंद वाचनालयाच्या सूचीत आहे की नाही, हे पाहा. नसल्यास ग्रंथपालांच्या संमतीने ती करून द्या.